एका क्रियापदाची बाई

एस्तेरबाईंसाठी चर्चमध्ये झालेल्या स्मरण-प्रार्थनेत सात जण बोलले. त्यांतल्या सहा जणांनी त्यांना प्रेमळ म्हटलं. सातवा मी होतो. मी म्हणालो, "बाई वेळेच्या पक्क्या होत्या," आणि खाली बसलो. बाहेर चहा घेताना पाळकसाहेबांनी मला बाजूला घेतलं. "अहो, दोन शब्द चांगले बोलायचे होते. तुमच्या घरावर तर त्यांचे उपकार आहेत." मी नुसती मान हलवली. त्या सहांपैकी चौघांना बाईंनी आयुष्यात कधी फाटकाच्या आत घेतलं नव्हतं. एकानं तर त्यांचं आडनाव चुकवलं, गायकवाडऐवजी साळवे म्हणाला. बाई असत्या तर जीभ टाळूला लावून त्यांनी तो बारीक आवाज काढला असता, "च्च", आणि तोंड भिंतीकडे फिरवलं असतं.

तो आवाज कुणालाच आठवला नाही. तो ऐकल्याशिवाय बाईंशी दोन मिनिटं बोलणं शक्य नव्हतं, तरीही. म्हणजे ही माणसं त्यांच्याशी दोन मिनिटंही बोलली नव्हती आणि फुलं घेऊन आली होती.

एस्तेर गायकवाड प्रेमळ नव्हत्या. तुसड्या होत्या, अहंकारी होत्या, आणि माझ्या मते लबाडही होत्या. चार वर्षं मी त्यांना ओळखत होतो आणि त्यांतला बराच काळ मला त्यांचा तिटकारा होता. आता त्या नाहीत. तिटकारा मात्र जागच्या जागी आहे आणि त्याचं काय करायचं ते मला कळत नाही. रोज थोडं थोडं लिहून बघतो आहे.

देवळाली प्रवरापासून दहा-बारा किलोमीटरवर, उसाच्या पट्ट्यात, एक बंद पडलेला दवाखाना आहे. स्पेनहून आलेल्या सिस्टर तो चालवायच्या. एस्तेरबाई त्यांच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं होत्या. शिक्षण सातवी. स्पॅनिश त्या भाकरी थापता थापता शिकल्या, व्याकरणाचं एकही पान न उलटता. पुढे सिस्टर म्हाताऱ्या झाल्या. काही वारल्या, काही परतल्या, आणि सगळ्यांत शेवटी राहिलेल्या सिस्टर पिलार यांनाही त्यांच्या संस्थेनं माघारी नेलं. दवाखान्याला कुलूप लागलं. बाईंना मागची खोली आणि स्वयंपाकघर वापरायला राहिलं. नवरा कधीच वारला होता, मूलबाळ नव्हतं.

सुती साडीखाली त्या पांढरे कॅनव्हासचे बूट घालत. केस सिस्टरांसारखे आखूड कापलेले. कमरेला दवाखान्याच्या सगळ्या खोल्यांच्या किल्ल्यांचा जुडगा, ज्यातली एकही खोली उघडायचं आता कारण नव्हतं. गावाला त्या "ही माणसं" म्हणत, जणू स्वतः कालच विमानातून उतरल्या आहेत. शेजारच्या मळ्यातला किसन त्यांना दूध घालायचा. रोज दूध पातेल्यात पडेपर्यंत त्या वाकून धार बघत आणि मग विचारत, "आज पाणी कुठल्या विहिरीचं?"

"बाई, एक डाव तरी दूध बरं हाय म्हना की," किसन म्हणायचा.

"बरं असेल त्या दिवशी म्हणेन."

"तवर म्या मरंन की वो."

"मग तुझा मुलगा आणेल. त्यालाही हेच विचारेन."

आम्ही त्यांच्याकडे गेलो ते माझ्या धाकट्या बहिणीसाठी. रूथ नर्स आहे. वडिलांच्या आजारपणात तिची अकरा वर्षं गेली. जमलेलं लग्नही त्यात मोडलं. वडील गेल्यावर तिनं पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागितलं. स्पेनमधल्या एका वृद्धाश्रमात परिचारिकेची जागा होती. हा आश्रम त्याच जुन्या सिस्टरांच्या संस्थेचा. आमच्या भागातल्या नर्स त्यांच्या माहितीच्या, म्हणून ते इकडून मुली घेत. अट एकच होती, व्हिडिओवर स्पॅनिश बोलण्याची परीक्षा. रूथ त्यात एकदा नापास झाली होती. दुसरी आणि शेवटची संधी सहा महिन्यांनी होती. पुण्याच्या एका ऑनलाइन क्लासनं तिला तोवर "मला पोहण्याचा छंद आहे" हे वाक्य शिकवलं होतं. रूथला पोहता येत नाही.

पहिल्या दिवशी बाईंनी आम्हांला फाटकाबाहेरच उभं केलं.

"काय पाहिजे?"

"बाई, बहिणीला स्पॅनिश..."

"मी शिकवत नाही."

"तिची परीक्षा आहे हो."

"परीक्षेसाठी तर नाहीच नाही."

मी परत फिरलो होतो. पण रूथनं पर्समधून वृद्धाश्रमाचं पत्र काढून फाटकाच्या गजांतून आत दिलं. बाईंनी चष्मा वर केला आणि कागद डोळ्यांजवळ नेला. एका पानाचं पत्र, पण त्या ते बराच वेळ वाचत राहिल्या. मग होत्या त्याच घड्यांवर घडी घालून परत दिलं.

"उद्या चारला ये. सव्वाचारला फाटक बंद असेल. आणि हा कोण?"

"माझा भाऊ. कॉलेजात ग्रंथपाल आहे."

"मास्तर का? बसू दे कोपऱ्यात. बोलायचं नाही."

मी मास्तर नाही, हे मी त्यांना पुढच्या चार वर्षांत निदान दहा वेळा सांगितलं असेल.

दुसऱ्या दिवशी रूथ नवी वही घेऊन गेली. आपण सगळे जसे शिकलो तशीच तिनं पान दुमडून मधोमध रेघ पाडली होती. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ, मधे बरोबरचं चिन्ह. शाळेत आम्ही हे सुरात म्हणायचो आणि त्याला इंग्रजी येणं समजायचो. बाईंनी पहिला शब्द उच्चारला. आपल्याकडच्या मुलाच्या नावासारखाच, केदार. क्रियापद होतं. रूथनं तो लिहिला, चिन्ह काढलं आणि पेन टेकवून विचारलं, "म्हणजे काय, बाई?"

"म्हणजे नाही."

"नाही, अर्थ काय म्हणून..."

"'म्हणजे काय' या घरात विचारायचं नाही." बाईंनी वही तिच्या हातातून घेतली, दोनदा दुमडली आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली. टेबल स्थिर झालं. ती वही शेवटपर्यंत तिथंच होती.

मग त्यांनी पिठल्याच्या पातेल्यावरचं झाकण उचलून प्रश्नार्थक म्हटलं, "केदा?" रूथ आत बघून म्हणाली, "उरलंय थोडं." बाईंनी झाकण ठेवलं. पहिला धडा संपला. त्यासाठी आम्ही मोटरसायकलवर बारा किलोमीटर आलो होतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपलं एक जुनं जाकीट रूथच्या अंगावर चढवलं, बाह्या लोंबताना पाहिल्या आणि तेच क्रियापद वापरून सांगितलं, की हे तुला मोठं होतं. तिसऱ्या दिवशी खिडकीबाहेर बोट करून तेच क्रियापद घालून विचारलं, राहुरी कुठं आहे, खर्डा कुठं आहे, लांब की जवळ. चौथ्या दिवशी उद्याची वेळ ठरवताना तेच. बाईंचा उजवा कान तापात गेला होता. ते सांगतानाही तेच. किसन बाकावर बसल्या बसल्या पेंगला, तर त्याच्याकडे बोट दाखवून तेच.

"बाई, पण उरणं वेगळं आणि सदरा मोठा होणं वेगळं," रूथ न राहवून म्हणाली. "दोन्हींना एकच शब्द कसा?"

"तू दवाखान्यात वेगळी असतेस, घरी वेगळी असतेस. तुला दोन नावं ठेवलीत का?"

महिना गेला, दुसरा गेला, बाई त्या एका क्रियापदावरून हलेनात. परीक्षेला चार महिने उरले होते आणि माझ्या बहिणीला रंगांची नावं येत नव्हती. मी पुण्याहून शब्दकोश मागवला. कोपऱ्यात बसून त्या क्रियापदाचे सगळे अर्थ उतरवून काढले: उरणं, मागे राहणं, कपडा अंगावर बसणं, ठिकाण असणं, भेट ठरणं, बहिरं किंवा आंधळं होऊन बसणं, झोप लागणं, वस्तू स्वतःजवळ ठेवून घेणं. दोन रात्री विचार केल्यावर मला त्यांतलं सूत्र सापडलं. एका दुपारी बोलायची परवानगी नसताना मी ते बाईंना सांगितलं. या सगळ्यांत एकच गोष्ट आहे, मी म्हणालो. काहीतरी घडून जातं आणि सगळं शांत झाल्यावर जे शिल्लक असतं, ते हे क्रियापद सांगतं. जेवणं झाल्यावरचं पिठलं. घातल्यावर सदरा जसा दिसतो तो. चर्चा संपल्यावर जी वेळ ठरते ती. ताप उतरल्यावरचा बहिरा कान.

अजूनही मला ते स्पष्टीकरण बरोबर वाटतं. बाईंनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"च्च," त्या म्हणाल्या. "मास्तर, पिठलं ढवळा. खाली लागतंय."

आणखी दोन खुळं होती. धडा सुरू होण्याआधी रूथनं टेबलावर एका माणसाचं जेवण मांडायचं, बशी, वाटी, रुमाल, चमचा. चमचा डावीकडे. पहिल्यांदा रूथनं तो उजवीकडे ठेवला तेव्हा बाईंनी तिच्या मनगटावर फटका मारला. चौतीस वर्षांच्या बाईच्या मनगटावर! आम्ही समजलो, तिकडची रीत असेल. मी शोधलं. तिकडची रीत अशी नाही. तिकडेही चमचा उजवीकडेच असतो. सव्वीस वर्षं परक्यांचं ताट मांडून या बाईला एवढंही कळलेलं नाही, याचा मला चक्क आनंद झाला. मी पुस्तक उघडून त्यांच्यासमोर धरलं.

"पुस्तकात असेल," त्या म्हणाल्या आणि रूथकडे वळल्या. "डावीकडे."

दुसरं खूळ तिसऱ्या महिन्यात सुरू झालं. बाईंनी तोंडातली कवळी काढली, स्टीलच्या पेल्यात ठेवली, भिंतीकडे तोंड करून बसल्या आणि तशाच बोलू लागल्या. शब्द कणकेच्या गोळ्यासारखे तोंडातून बाहेर पडत. रूथ ओणवी होऊन, कान पुढे करून ऐकायची. मला शिसारी आली.

"बाई, परीक्षा घेणाऱ्या माणसांना दात असतील," मी म्हणालो.

"असतील," भिंतीकडून उत्तर आलं.

परीक्षेला पंधरा दिवस राहिले असताना वृद्धाश्रमाकडून एक अर्ज आला. शिकवणाऱ्यानं त्यावर एक ओळ लिहायची होती, उमेदवार तयार आहे का. रूथनं तो बाईंसमोर ठेवला. बाईंनी तिचंच पेन घेतलं, दोन शब्द लिहिले, आणि मला ते वाचता येतात हे ठाऊक असल्यानं कागद माझ्याकडे सरकवला. लिहिलं होतं, अजून नाही.

"बाई, हे काय?" रूथ म्हणाली.

"आहे ते लिहिलं."

मी उठलो. "सहा महिने तुम्ही हिला एक क्रियापद शिकवलंत आणि आता तयार नाही म्हणता? परीक्षा पुढं ढकलतील. तोवर जागा दुसऱ्या कुणाला गेली तर? तिला दुसरं काही नाही हो आयुष्यात."

"ओरडू नका मास्तर. एक कान अजून चालू आहे."

"तिला बोलता येतं. तुम्हीच म्हणालात परवा."

"बोलता येतं," बाई म्हणाल्या. "ऐकता कुठं येतं?"

परीक्षा दोन महिने पुढे गेली. जागा तोवर राहील असं कुणी कबूल केलं नाही. परतताना मी रूथला म्हटलं, आता त्या बाईचं तोंड बघायचं नाही. दुसऱ्या दिवशी पावणेचारला ती अंगणात मोटरसायकलपाशी उभी होती. त्या दिवशी मला तिचाही राग आला. मार खाऊन त्याच दारात जाणारी माणसं मला कधी कळली नाहीत. आमच्या वडिलांनीही तिच्यावर अशीच अकरा वर्षं सत्ता गाजवली होती.

रूथ पास झाली. परीक्षा दहा मिनिटं चालली. विमान, हवामान, नर्सचं काम, असंच विचारलं. ते क्रियापद एकदाच आलं. आम्ही पेढे घेऊन गेलो. बाई म्हणाल्या, "मला साखर आहे. किसनला द्या." रूथ पाया पडायला वाकली, तर पाय मागे घेतले. "हे तिकडं चालत नाही. जा आता. स्वेटर घे."

ती गेली. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी तिचा फोन आला.

"दादा, सिस्टर पिलार इथंच आहेत."

"कोण?"

"बाईंच्या सिस्टर. माझ्याच मजल्यावर. दादा, त्यांचा उजवा हात गेलाय. कधीचाच. त्या डाव्या हातानं जेवतात."

मी हातातलं पुस्तक मिटून खाली ठेवलं.

"त्या कवळी घालत नाहीत. भिंतीकडं तोंड करून बोलतात. इथल्या मुलींना वाटायचं बरळतात, म्हणून कुणी लक्ष द्यायचं नाही. मला सगळं कळतं. दिवसभर तेच क्रियापद. सूप उरलं का. गाऊन मोठा होतो. चर्च किती लांब आहे. कान गेले माझे. थांब ना जरा, जाऊ नकोस." रूथ रडत होती की हसत होती, ते फोनवर कळेना. "दादा, बाई त्यांचा आवाज काढायच्या. हुबेहूब."

मी तसाच मोटरसायकल काढून गेलो. बाई पायरीवर तांदूळ निवडत होत्या.

"पत्रावर आश्रमाचं नाव वाचलंत तेव्हाच ठरवलं होतं ना?"

"हो."

"सिस्टरांना असं झालंय हे तुम्हांला कसं कळलं?"

"रविवारी फोन करते. तिथली बाई सांगते."

"म्हणून तिला दोन महिने लटकवलंत. जागा गेली असती तर?"

"गेली असती."

"निदान तिला सांगायचं तरी!"

त्यांनी एक खडा उचलून अंगणात टाकला. "सांगितलं असतं तर दया करत बसली असती. दया आठ दिवस पुरते. मला वर्षं पाहिजे होती."

"मग स्वतः का नाही गेलात?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या तुच्छतेनं त्यांनी किसनच्या दुधाकडेही कधी पाहिलं नव्हतं, आणि ती तुच्छता पहिल्यांदाच माझ्यासाठी नव्हती.

"सिस्टर म्हणाल्या होत्या नेईन म्हणून. खूप जणांना विचारलं त्यांनी. स्वयंपाकिणीला कोण नेतं?"

त्यांनी केलं ते चूक होतं, असं मी आजही म्हणतो. माझ्या बहिणीनं आयुष्यात मागितलेली एकमेव गोष्ट त्यांनी परस्पर पणाला लावली. रूथला हे पटत नाही. ती म्हणते, दादा, मी तिथं उपयोगाची आहे, पहिल्याच दिवसापासून होते. असेल. हत्यारही पहिल्या दिवसापासून उपयोगाचं असतं. पण हे सगळं पक्कं ठाऊक असूनही मी दर रविवारी तिकडे जाऊ लागलो. बाईंच्या फोनवर चित्र दिसत नसे, माझ्या फोनवर दिसायचं, हे मी स्वतःला दिलेलं कारण. सिस्टरांना आता काहीच ऐकू येत नव्हतं, त्यामुळे बाई रूथशीच बोलत. झोप, औषध, पाय सुजलेत का, पोट. सिस्टरांचा चेहरा दाखवू का, असं रूथ दर वेळी विचारायची. बाई दर वेळी म्हणायच्या, "तोंड बघून काय करायचं? पाहिलंय मी." मग फोन मला परत देत आणि चहाचं न विचारता आत जात. तीन वर्षांत मला तिथं एकदाही चहा मिळाला नाही.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते एका रविवारीच. त्यानंतर दहा दिवसांनी सकाळी दूध घेऊन आलेल्या किसनला दार उघडलेलं दिसलं नाही.

त्या रविवारी त्या दमलेल्या होत्या. पायरीवर बसूनच त्यांनी फोन हातात घेतला. तिकडे दुपारचं जेवण नुकतंच झालं होतं.

"पोरी, ताट दाखव," बाई म्हणाल्या.

"बाई, सिस्टर जाग्या आहेत. छान बसल्यात आज. त्यांच्याकडं फिरवू का?"

"ताट."

रूथनं फोन खाली वळवला. बशी, वाटी, रुमाल. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पडदा डोळ्यांजवळ नेला.

"केदा आल्गो?" काही उरलं का?

"नो केदा नादा," रूथ म्हणाली. काहीच नाही.

वाटी पावानं पुसून घेतल्यासारखी स्वच्छ होती. चमचा डावीकडे होता. तेवढ्यात चित्राच्या कडेतून एक सुरकुतलेला हात आत आला. टेबलावर एकदाही न चाचपडता तो चमच्यापाशी गेला, चमचा उचलला आणि रिकाम्या वाटीवर दोनदा वाजवला. पलीकडे रूथ हसली आणि म्हणाली, आणते, आणते.

बाई बघत राहिल्या. हात निघून गेला, चमचा गेला, नुसती वाटी उरली तरी बघत राहिल्या. मग त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

"च्च," त्या म्हणाल्या. "रुमालाची घडी चुकली आहे. सांगा तिला."

आणि किल्ल्यांचा जुडगा सावरत, एका हातानं चौकट धरून, त्या आत गेल्या.